दारापलीकडची दोन मिनिटं

बाउक्ये वियर्समा बावीस वर्षं शिकलेल्या माणसांची वाक्यं अर्ध्यावर तोडत आली, आणि त्याचाच तिला पगार मिळत होता. ती विद्यापीठाची चोपदार होती. कोणाच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा असली की काळा झगा चढवायचा, चांदीच्या मुठीचा दंड हातात घ्यायचा, परीक्षकांच्या रांगेपुढं चालत त्यांना सभागृहात नेऊन बसवायचं आणि स्वतः बाहेर येऊन दारापाशी उभं राहायचं. बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडून आत जायचं, दंड फरशीवर आपटायचा आणि लॅटिनमधले दोन शब्द म्हणायचे: "होरा एस्त." म्हणजे वेळ झाली. त्यानंतर आत कोणी अक्षर काढायचं नाही. प्रश्न अर्धा राहो, उत्तर अर्धं राहो, बोलणारा जगप्रसिद्ध असो, तोंड मिटायचं आणि खाली बसायचं.

ह्या परीक्षेत आमच्याकडे नापास कोणी होत नाही. पदवी द्यायची की नाही ते महिनाभर आधी ठरलेलं असतं, आणि केकसुद्धा कापून तयार असतो. तरी उमेदवारांचे पाय लटपटतात, कारण समोर आठ-दहा झगेवाले आणि पाठीमागं आईबाप, मावश्या, शेजारी, शाळेतले मास्तर असा सगळा गोतावळा बसलेला असतो. शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचंच लक्ष परीक्षकांकडे नसतं. सगळे दाराकडे बघत असतात. चोपदार दिसली की जीव भांड्यात पडतो.

बाउक्ये कधी एक मिनिट लवकर गेली नाही आणि कधी एक मिनिट उशिरा गेली नाही. हे तिनं बापाकडून उचललं होतं. तो समुद्राच्या बांधालगतच्या गावात देवळाचा घंटेवाला होता. जेमतेम सत्तर घरांचं, फ्रिशियन बोली बोलणारं गाव. हा बारा वाजता घंटा वाजवायचा आणि गाव बटाटे उकळत्या पाण्यातून काढायचं. एकदा त्याच्या धाकट्या भावाला घेऊन डॉक्टर निघाले होते, भाऊ खाटेवरून त्याचं नाव घेत होता, तरी हा आधी घंटा वाजवून मग घरी आला. गावानं त्याचं कौतुक केलं. भाऊ वाचला, म्हणून कौतुक टिकलं, असं माझं मत. पण बाउक्येच्या घरात ती गोष्ट पोथीतल्या गोष्टीसारखी सांगितली जायची.

तिचा नवरा दाउवे वाळूच्या बोटीवर होता. लेक हिस्के अकरा वर्षांची असताना तो एका सकाळी सुकाणूपाशी बसल्या बसल्या गेला. बोट नीट काठाला लावून मग गेला, असं त्याचा सोबती सांगायचा. बाउक्ये लेकीला घेऊन शहरात आली आणि विद्यापीठात फरशा पुसायचं काम धरलं. संध्याकाळी वर्ग रिकामे झाले की ती फळे पुसायची आणि हिस्के पुढच्या बाकावर बसून वाट बघायची.

"आई, तो नको पुसूस."

"का गं?"

"वाचून व्हायचाय."

"तुला कळतंय होय त्यातलं?"

"नाही. पण कोणीतरी एवढं लिहिलंय."

बाउक्ये तो एक फळा शेवटी पुसायची. पुसायची मात्र नक्की, कारण सहा वाजता कुलूप लावायचं असायचं. पुढं जुना चोपदार निवृत्त झाला, आणि वक्तशीरपणात ह्या बाईचा हात धरणारं कोणी नाही हे कारकुनांपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं झगा तिच्या अंगावर आला. विद्यापीठाच्या चारशे वर्षांत पहिली बाई. हिस्के तेव्हा पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं आईला झग्यात पाहिलं आणि म्हणाली, "आता तू मलासुद्धा गप्प बसवणार एक दिवस." दोघी खूप हसल्या होत्या.

तो दिवस आला तेव्हा बाउक्येचा मदतनीस हार्मेन, जो एरवी कोट सांभाळायचा आणि पाणी ठेवायचा, तिला म्हणाला होता, "बाई, आज मी उभा राहतो दारात. तुम्ही आत बसा की पहिल्या रांगेत. लेकीची परीक्षा आहे, रोज रोज येते का?"

"माझ्या लेकीला दुसऱ्या कोणी थांबवायचं नाही," बाउक्ये म्हणाली.

पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी राहिली. हिस्केच्या दोन्ही बाजूंना रिवाजाप्रमाणं दोन पाठराखे उभे होते, तिच्याच वर्गातले, कोट भाड्यानं आणलेले. बाउक्येनं परीक्षकांना बसवलं, लेकीकडे इतर उमेदवारांकडे बघायची तेवढंच बघितलं, आणि बाहेर आली.

प्रबंध विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या एंट्रॉपीवर होता. एंट्रॉपी म्हणजे पसाऱ्याचं माप, एवढं बाउक्येला ठाऊक होतं. पसारा आपोआप वाढतो, आपोआप कधी कमी होत नाही. हे कळायला विद्यापीठात जावं लागतं का, असं ती हार्मेनला म्हणायची.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला काय झालं ते तिनं ऐकलं. ते दार ओकचं, चार बोटं जाड; पण बिजागरीच्या बाजूला फट आहे, आणि इतकी वर्षं तिथं उभं राहिलेल्या माणसाला त्या फटीतून कोणी पान उलटलेलंही कळतं. अँटवर्पहून आलेला परीक्षक बोलत होता. आवाज गोड होता, आणि गोड आवाजवाल्यांना ती ओळखून होती.

"बाई, तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता की सुरुवातीला सगळं सगळीकडे सारखं होतं. सारखंच गरम, सारखंच दाट, ढवळून एकजीव झालेलं. म्हणजे पसारा जितका होऊ शकतो तितका झालेला. आणि पाचव्या प्रकरणात म्हणता की सुरुवातीला एंट्रॉपी अतिशय कमी होती. दोन्ही खरं कसं, तेवढं सांगा. सोप्या शब्दांत सांगितलंत तरी चालेल."

मग काहीच ऐकू आलं नाही.

बाउक्येनं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं आणि दहा सेकंद बाकी होते. आत कोणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली. हिस्केचा आवाज आला नाही. एक मिनिट पन्नास. आपण आत्ता आत गेलो तर काय होईल, हा विचार बाउक्येच्या मनात आला. आला नव्हता असं ती स्वतःलाही कधी म्हणाली नाही. हात कडीवर गेलाही होता. पण लेक आहे म्हणून लवकर गेली, असं उद्या लोक म्हणतील. बावीसातली तेरा वर्षं तेव्हा झाली होती, त्या तेरा वर्षांवर पाणी पडेल. ती उभी राहिली. आत तिची लेक उभी होती. मध्ये चार बोटं लाकूड होतं. पंचेचाळीस पुरी झाली तेव्हा तिनं दार उघडलं. हिस्के सरळ तिच्याकडेच बघत होती. चेहरा कागदासारखा पांढरा होता.

"होरा एस्त," बाउक्ये म्हणाली.

पदवी मिळाली. टाळ्या झाल्या. केकही झाला. त्यानंतर झगे ठेवायच्या खोलीत दोघीच असताना हिस्केनं विचारलं, "आई, बाहेर ऐकू येतं का गं आतलं?"

"छे! चार बोटं जाड दार आहे ते. काय ऐकू येणार?"

"हो ना," हिस्के म्हणाली. "मला वाटलंच."

एवढंच खोटं. बाउक्ये आयुष्यात फार खोटं बोललेली बाई नव्हती, त्यामुळं त्याच्याबरोबर कसं राहायचं ते तिला येत नव्हतं. सवयीच्या माणसाला एक खोटं जड जात नाही. हिला मात्र ते खड्यासारखं रोज टोचत राहिलं. हिस्के वर्षभर तिथंच संशोधन करत होती, मग डेन्मार्कला गेली, मग संशोधन सोडून तिकडच्याच एका शाळेत शिकवायला लागली. दोन मिनिटांच्या गप्प बसण्यानं कोणी शास्त्र सोडत नाही. त्याला पन्नास कारणं असतात. पण बाउक्येनं पन्नासच्या पन्नास बाजूला ठेवून एकच धरलं होतं.

फोन वर्षातून दोनदा यायचा, आईच्या वाढदिवसाला आणि लेकीच्या वाढदिवसाला, संध्याकाळी सातला. हवापाणी व्हायचं, हार्मेनच्या गुडघ्याची चौकशी व्हायची. आणि मग दर वेळी हिस्केचा आवाज जरा खाली यायचा.

"आई, एक बोलायचं होतं. त्या दिवशी परीक्षेत..."

"अगं, परदेशचा फोन आहे, किती बिल येईल! चल, ठेवते."

परदेशचा फोन फुकट झाल्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. हिस्के ते कधी बोलून दाखवायची नाही. चार-पाच वर्षांनी तिनं आवाज खाली आणणंच सोडून दिलं. बाउक्येला हायसं वाटलं, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

लोकांना वाटायचं बाईचं बरं चाललंय. घर आरशासारखं, खिडक्या दर शुक्रवारी पुसलेल्या, शनिवारी वाटाण्याचं दाट सूप, रविवारी एक कप कॉफी आणि एक बिस्किट. दुसरं बिस्किट घ्यायला कोणी आग्रह करणारं नव्हतं. शेजारची बाई हात हलवायची, ही हात हलवायची. हार्मेन "बाई" म्हणायचा, कुलगुरू "वियर्समाबाई" म्हणायचे, पोस्टमन मान लववायचा. सगळी माणसं होती, पण सगळी सारख्याच अंतरावर. फार एकटी होती ती. एकटेपणाला काही मोठा शब्द तिच्याकडे नव्हता, ती म्हणायची, "घरात फार टापटीप झालीय."

हिस्केच्या प्रबंधाची प्रत दाउवेच्या फोटोशेजारी उभी असायची. बाउक्ये तिच्यावरची धूळ पुसायची, पण आत बघायची नाही. आपल्याला काय कळणार! मग परीक्षेनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरून घोटा मोडला, सहा आठवडे खुर्चीत बसून काढायची वेळ आली, आणि जुनी वर्तमानपत्रं संपल्यावर तिनं ते पुस्तक मांडीवर घेतलं. आकडे, आकडे आणि आकडे. शेवटी मात्र आठ पानं साध्या भाषेत होती. सामान्य माणसासाठी प्रबंधाचा सारांश असा आमच्याकडे शेवटी जोडायचाच असतो. लोक तो उरकून टाकतात. हिस्केनं उरकला नव्हता.

तिनं लिहिलं होतं: "माझ्या आईच्या घरी वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात. बारा खुर्च्या, दोन खुर्च्यांत सारखंच अंतर. मी लहान असताना ती फूटपट्टी घेत असे. पाहुणे येतात, रिवाजाप्रमाणं एकमेकांचं अभिनंदन करतात, प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा मिळतो. खोलीत सगळीकडे सारखंच माणूस, सारखाच केक. तासाभरानं पाहा. काका मंडळी स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभी आहेत, मावश्या खिडकीशी एका बाकावर चौघी बसल्या आहेत, दोन खुर्च्या उलट्या आहेत आणि मधली जागा रिकामी आहे. असं दर वर्षी होतं. उलटं कधी होत नाही. स्वयंपाकघरातले काका आपण होऊन बाहेर येऊन पट्टीनं मोजल्यासारखे गोल बसले, असं कोणी पाहिलेलं नाही."

आणि पुढं: "चहात साखर ढवळली की ती सगळीकडे सारखी पसरते आणि तशीच राहते, कारण साखरेच्या कणांना एकमेकांची ओढ नसते. तिच्यासाठी सारखं पसरणं म्हणजे विसावा. पण ज्यांना एकमेकांची ओढ असते त्यांच्यासाठी सारख्या अंतरावर असणं हा विसावा नव्हे. ते फार दुर्मीळ, फार ताणलेलं असतं, आणि कोणीतरी मुद्दाम मांडल्याशिवाय होत नाही. विश्वातल्या सगळ्या वस्तूंना एकमेकांची ओढ आहे. म्हणून सुरुवातीचं ते सगळीकडे सारखं विश्व दिसायला ढवळलेल्या चहासारखं असलं तरी खरं तर ते माझ्या आईच्या खुर्च्यांसारखं होतं. एंट्रॉपी तेव्हा कमी होती ती ह्या अर्थानं. तारे, पृथ्वी, आपण, सगळं नंतर झालं, वस्तू एकमेकींजवळ आल्यामुळं. आणि जवळ येताना प्रत्येकीला आपली ऊब बाहेर टाकावी लागली. खुर्च्या मुळात तशा कोणी मांडल्या, हे अजून कोणालाच माहीत नाही. आमच्या घरातल्या कोणी मांडल्या ते मला माहीत आहे."

बाउक्येनं ते तीनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. अँटवर्पच्या त्या माणसानं विचारलं होतं ते हेच. शब्दाला शब्द हेच, आणि "सोप्या शब्दांत" असंही तो म्हणाला होता. म्हणजे पोरीला उत्तर येत होतं. लिहून छापून बसली होती. मग ती गप्प का राहिली? ह्याचा उलगडा एकाच माणसाकडून झाला असता, आणि त्या माणसाला विचारायचं तर आपण प्रश्न ऐकला होता हे आधी कबूल करावं लागणार होतं. घोटा बरा झाला. पुस्तक पुन्हा फोटोशेजारी गेलं. बाउक्ये मूग गिळून बसली ती आणखी सहा वर्षं.

निवृत्तीला तीन आठवडे होते तेव्हा येल्मर नावाच्या एका मुलाची परीक्षा आली. किनाऱ्याच्या चिखलातल्या शिंपल्यांवर प्रबंध होता. पोरगा बटाटेवाल्याचा, बाप नव्या बुटांत अवघडून पहिल्या रांगेत बसलेला. एकेचाळिसाव्या मिनिटाला एका परीक्षकानं त्याला त्याच्याच तक्त्यातली एक चूक दाखवली आणि फटीतून येणारा आवाज बंद झाला.

बाउक्ये दारापाशी उभी होती. तिनं कोणाचा तरी खोकला ऐकला. मग बापाचे बूट फरशीवर घासल्याचं ऐकलं. चार मिनिटं होती. ह्या खेपेला तिनं विचार केलाच नाही, हात कडीवर गेला आणि कडी उघडली गेली. ती आत गेली, दंड आपटला, म्हणाली, "होरा एस्त." मुलानं डोळे मिटले. बटाटेवाल्यानं रुमाल काढला. कुलगुरूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वियर्समाबाई, तुमचं घड्याळ पुढं गेलंय का हो?"

"असेल, साहेब. म्हातारं झालंय."

"घड्याळ ना?" आणि ते हसत निघून गेले. हार्मेन मात्र हसला नाही. त्यानं तिचा झगा हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, बसा जरा. मी पाणी आणतो."

तिला बरं वाटत होतं. खरंच सांगायचं तर नऊ वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. त्या संध्याकाळी तिनं दुसरं बिस्किट घेतलं.

दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, फोन वाजला. वाढदिवस कोणाचाच नव्हता.

"आई, मी ऐकतेय ते खरं का गं?" हिस्के होती. "तू चार मिनिटं आधी आत गेलीस म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"रेन्सनं. माझ्या बाजूला उभा होता तो, माझा पाठराखा. तो अजून तिथंच आहे. सगळीकडे तेच चाललंय म्हणे, वियर्समाबाईंचं घड्याळ चुकलं! मी म्हटलं, शक्य नाही. देवळाची घंटा चुकेल, आई चुकायची नाही."

ती हसत होती. लेकीचं हसणं बाउक्येनं किती दिवसांनी ऐकलं होतं. त्या हसण्यानं ती सैल झाली, आणि जन्मभर जिभेवर ठेवलेला लगाम क्षणभर सुटला.

"अगं, पोरगा अडकला होता बिचारा. गप्पच झाला एकदम. बाप समोर बसलेला. मला बघवेना... म्हणजे, ऐकवेना."

पलीकडचं हसणं थांबलं.

"म्हणजे दारातून ऐकू येतं," हिस्के म्हणाली.

नऊ वर्षांत बाउक्येनं ह्या वाक्याची शंभर उत्तरं तयार केली होती. दार त्या दिवशी जरा उघडं राहिलं होतं, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. ते ओठापर्यंत आलंही.

"येतं," ती म्हणाली.

"तेव्हाही?"

"तेव्हाही. सगळं ऐकलं मी. त्या माणसाचा प्रश्न ऐकला. तू गप्प झालीस ते ऐकलं. कडीवर हात होता माझा."

"मग?"

"दोन मिनिटं बाकी होती गं."

फोनमधून लांबवर मुलांचा कालवा ऐकू येत होता. शाळेचं आवार असावं. बाउक्येनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि जे यायचं त्याची वाट पाहिली. नऊ वर्षं ती ज्याला भीत आली होती ते आता येणार होतं, आणि ते तिनं कमावलेलंच होतं.

"मला उत्तर येत होतं, आई," हिस्के म्हणाली.

"ठाऊक आहे मला. शेवटची आठ पानं वाचली मी."

"वाचलीस? कधी?"

"घोटा मोडला होता तेव्हा."

"आणि बोलली नाहीस." हिस्केचा आवाज खाली आला, पूर्वी यायचा तसा. "तुला ठाऊक नाही, आई. मी तुला हे किती वेळा सांगायला गेले. तिथं उभी असताना माझ्या डोक्यात फक्त आपली बैठकीची खोली होती. दुसरं काहीच येईना. आणि त्या झग्यांपुढं ते सांगायची मला लाज वाटली. कागदावर लिहिताना वाटली नव्हती. तोंडानं सांगताना वाटली. आई फरशा पुसायची, खुर्च्या फूटपट्टीनं मांडते, हे तिथं म्हणायची... तुझी लाज वाटली मला, आई. तुझी. तू दाराबाहेर झगा घालून माझ्यासाठी उभी, आणि मी आत तुझी लाज बाळगून उभी. मग त्या लाजेचीच इतकी लाज वाटली की जीभ उचलेना. मी दाराकडे बघत होते ते तू यावीस म्हणून नव्हतं. मला वाटत होतं, आत्ता आई आली तर तिला माझ्या तोंडावर सगळं दिसेल."

बाउक्येनं फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"आणि तू आलीस, आणि दिसलं असावं असं मला वाटलं. म्हणून विचारलं, ऐकू येतं का. नंतर दर वेळी फोनवर मला हेच सांगायचं असायचं, की माझं चुकलं. दर वेळी तू म्हणायचीस, बिल येईल, ठेवते. मी म्हटलं, आईला कळलंय, आणि तिला माझी माफी नकोय."

"अगं, मला वाटायचं तू मला..." बाउक्येचं नाक वाहायला लागलं होतं आणि रुमाल झग्याच्या खिशात राहिला होता. "मला वाटायचं तू मला विचारणार, का नाही आलीस."

"आई, मी एकेचाळीस वर्षांची झाले."

"हो गं."

"तिशी गेली सगळी."

तिकडे घंटा झाली. मोठी, कर्कश, शाळेची.

"मधली सुट्टी संपली. पोरं दारात उभी आहेत," हिस्के नाक ओढत म्हणाली. "मला जायला हवं."

"थांब ना जरा. थांबतील की पोरं."

"नाही गं थांबत. पंचवीस जण आहेत. आई, मी आता फार बोलू शकत नाही. मला राग पण येतोय आणि काय काय येतंय. मी बघते."

"संध्याकाळी करशील?"

"बघते म्हटलं ना."

फोन बंद झाला. बाउक्ये त्या दिवशी कामावर गेली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हार्मेनला कळवलं तेव्हा तो "बरं, बाई" एवढंच म्हणाला. ती फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिली. दुपारी ऊन फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. नऊ वर्षं आपण जिला चुकवत होतो ती माफी मागायला आली होती, हे तिला पुन्हा पुन्हा नव्यानं कळत होतं. एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर! दाउवे असता तर म्हणाला असता, बाउक्ये, कधीतरी गप्प बसून ऐक की. तो नव्हता, म्हणून तिनं ते स्वतःलाच मोठ्यानं म्हणून दाखवलं.

सात वाजले. फोन वाजला नाही. साडेसात झाले. शेजारणीनं खिडकीतून हात हलवला, आणि हिनं पाहिलंच नाही. पावणेआठला तिनं चष्मा लावला, वहीतून डेन्मार्कचा नंबर काढला आणि एकेक आकडा बोटानं दाबला. हा नंबर तिनं कधीच लावला नव्हता. आजवर फोन यायचा तो तिकडूनच. पलीकडे घंटा वाजायला लागली. वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा नंबर लावला. हिस्के रागावलेली असेल, जेवत असेल, रडत असेल, फोनकडे नुसती बघत असेल. बाउक्येनं तिसऱ्यांदा लावला आणि फोन कानाशी धरून उभी राहिली. पलीकडून उचलला जाईपर्यंत ती आता ठेवणार नव्हती.